क्रेन कोणाच्या हातात द्यायची? (ऑपरेटर, ट्रेनिंग, सेफ्टी वगैरे)

भोसरीचा_फिटर
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, आज धागा काढायची वेळ आली.

भोसरी एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं शॉप आहे, साठेक माणसं, मी प्रॉडक्शन बघतो. पाच टनाच्या दोन आणि दहा टनाची एक अशा तीन ईओटी क्रेन, म्हणजे छताखालच्या रुळांवरून फिरणाऱ्या विजेच्या. तिन्ही पेंडंटवाल्या. म्हणजे वरून लोंबणारा बटणांचा डबा ज्याच्या हाताला लागेल तो ऑपरेटर. वेल्डर चालवतो, फिटर चालवतो. एकदा तर सुपरवायझर चहावाल्या पोऱ्याला "जरा खाली घे रे" म्हणताना मी या डोळ्यांनी पाहिलंय.

गेल्या मंगळवारी चार टनाची बेस फ्रेम उचलताना एक बेल्ट तुटला. फ्रेम जमिनीपासून वीतभरच वर होती, एका अंगाने आपटली. कोणाला काही झालं नाही. चालवणारा पोरगा बावीस वर्षांचा, लागून आठ महिने झालेत. तीन-तीन टनाचे दोन पिवळे बेल्ट लावले होते. म्हणाला, "सर, तीन आणि तीन सहा, फ्रेम तर चारचीच." बेल्ट आखूड होते, त्यामुळे चांगलेच फाकले होते.

मालक म्हणतात बाहेरून ट्रेनर बोलवा, एक दिवस ट्रेनिंग द्या, सर्टिफिकेटं फायलीला लावा. एका दिवसात काय शिकवून होतं? तुमच्याकडे कसं करतात? आणि नीट काम करायची सवय माणसांना लावायची कशी? पाट्या लावून होत नाही एवढं कळलंय. पाट्या भरपूर आहेत.

खुर्चीवरून_सल्ला
पहिलं सर्टिफिकेट चहावाल्याला द्या. अनुभव आहे त्याला.

दोरखंड
मी ३४ वर्षं रिगिंगमध्ये (लोडला पट्टे-दोर बांधून उचलायचं काम) काढली, आता रिटायर. पोराची बेरीज बरोबर, जागा चुकली. दोन बेल्ट सरळ उभे असतील तरच वजन निम्मं-निम्मं होतं. फाकवले की ताण वाढतो. आडव्या रेषेशी ६० अंश असतील तर चार टनाला एकेका बेल्टवर २.३ टन. ४५ ला २.८. आणि ३० अंशावर आलात की प्रत्येकावर पुरे चार टन. हे पोरांना फळ्यावर शिकवू नका. दोघांना पाण्याची भरलेली बादली मधे धरायला लावा, आधी जवळ उभं राहून, मग लांब लांब सरकत. दंड बोलायला लागले की आपोआप कळतं.

पण भोसरीकर, एवढ्याने बेल्ट तुटत नाही. पट्ट्यात सात पट दम ठेवलेला असतो. तीन टनाच्या पट्ट्यावर चार टन घालणं चूकच, पण धडधाकट पट्टा तेवढ्याने जाणार नाही. तुमचा पट्टा कापला गेलाय असं मला वाटतं. तुटलेलं टोक बघा. दोरे ओढले जाऊन पिसारा झालाय, की सुरीने कापल्यासारखं सरळ आहे?

भोसरीचा_फिटर
@दोरखंड, आत्ता खाली जाऊन बघून आलो. निम्म्याहून जास्त सरळ, उरलेल्याचा पिसारा. फ्रेमची कड गॅस कटिंगची होती, ग्राइंडिंग व्हायचं होतं. मी चार दिवस त्या कोनावरच अडकलो होतो.

दोरखंड
मग झालं तर. गॅस कटिंगची कड म्हणजे करवत. कोपऱ्याला पॅकिंग पाहिजे. बाजारात तयार मिळतं, नाहीतर जुना फायर होज चिरून लावा, झकास काम होतं. आणि तो सरळ भाग सगळा ताजा आहे, की काही ठिकाणी काळा पडलेला आहे तेही बघा. काळा असेल तर पट्टा आधीपासून चिरलेला होता.

शिरोलीचा_रांगडा
आमच्याकडं फौंड्री हाय, त्यामुळं क्रेनला लेडल, म्हंजे रसाचं भांडं. वितळलेलं लोखंड डोक्यावरनं जातंय म्हटल्यावर माणूस आपसूकच देवाचं नाव घेतोय.

दोन वर्षांमागची गोष्ट सांगतो. खंडेनवमीला सगळी यंत्रं धुऊन पुसून पूजा असती. आमचा इलेक्ट्रिशियन क्रेनवर झेंडूचा हार बांधायला चढला. वर बघतोय तर हॉइस्टच्या लिमिट स्विचची दांडी बाइंडिंग वायरनं बोल्टाला करकचून बांधलेली! कवापासनं हाय कुणालाच ठाव न्हाई. हूक लई वर गेला की तो स्विच मोटर बंद करतो, न्हाईतर हूकचा ठोकळा ड्रमला धडकतोय आणि रोप तुटून सगळं खाली. स्विच सारखा ट्रिप होतोय म्हणून कुणीतरी कायमचा इलाज केलेला. ऑपरेटर रोज त्याच स्विचवर हूक थांबवायचा, ब्रेक लावल्यासारखा. ट्रिप न्हाई होणार तर काय!

खंडोबाच पावला म्हणायचा. हार बांधला नसता तर आज मी हितं लिहीत नसतो.

मेघना_प
@शिरोलीचा_रांगडा, खंडेनवमीचा आणि खंडोबाचा संबंध नाही हो, ती शस्त्रपूजा. बाकी किस्सा भारी.

शिरोलीचा_रांगडा
ताई, ज्यानं वाचवलं तो आमचा.

आरिया_हापीस
अवांतर, पण राहवत नाही. नवा ट्रेनी इंजिनीअर म्हणून साइटवर गेलो तेव्हा खालचे खलाशी सारखे ओरडायचे, "हापीस! हापीस!" मला वाटलं मला हापिसात बोलावलंय. दोनदा साहेबाच्या केबिनपर्यंत जाऊन आलो. तिसऱ्यांदा साहेब म्हणाले, "अरे बाबा, हापीस म्हणजे उचल. आरिया म्हणजे सोड." तेव्हापासून हेच माझं नाव.

निवांत_नाना
आरिया पोर्तुगीज आहे. त्यांच्याकडे आरिआर म्हणजे शीड किंवा निशाण खाली घेणं. जहाजांवरच्या खलाशांकडून शब्द गोदीत आला, गोदीतून क्रेनवर. पोर्तुगीज गेले, आरिया राहिलं.

सिंगापूरकर_शिऱ्या
इथली पद्धत सांगतो. क्रेन ऑपरेटरची मनुष्यबळ मंत्रालयाकडे नोंदणी लागते, त्याशिवाय मोबाइल किंवा टॉवर क्रेनला हात लावता येत नाही. शिवाय एकटा ऑपरेटर नसतोच. लिफ्टिंग सुपरवायझर, रिगर, सिग्नलमन अशी टोळी ठरलेली, आणि उचलण्याआधी कागदावर लिफ्टिंग प्लॅन: वजन किती, किती लांबून, कोणते पट्टे, कुठून कुठे. २०११ च्या नियमांत हे सगळं आहे. भारतात साठ माणसांच्या शॉपमध्ये एवढं होणार नाही हे मान्य. पण 'बटण ज्याच्या हाताला लागेल तो' हे तर उद्या सकाळी बंद करता येईल ना?

रोखठोक_बोलणार
सगळं ठीक आहे, पण मुळात आपली माणसंच बेशिस्त. हेल्मेट दिलं तर त्यात भाजी आणतात. कितीही ट्रेनिंग द्या, पालथ्या घड्यावर पाणी.

सिंगापूरकर_शिऱ्या
@रोखठोक_बोलणार, माझ्या हाताखाली सांगलीचे दोघे, आझमगढचे चार आणि तामिळनाडूचे बरेच आहेत. हीच 'आपली माणसं'. इथे हार्नेस न लावता कोणी शिडीवर पाय ठेवत नाही. विमानात बसल्यावर रक्त बदलतं का?

रोखठोक_बोलणार
तिथे दंड आहे म्हणून.

सिंगापूरकर_शिऱ्या
दंड कंपनीलाही होतो, म्हणून. फरक तिथे आहे.

काळ्या_कोटातला
थोडं कायद्याचं. मी जुन्या कारखाने अधिनियमाच्या भाषेत बोलतो, कलमं तीच पाठ आहेत. १९४८ च्या कायद्यातलं कलम २९ उचलण्याच्या यंत्रांवर आहे. क्रेन, साखळ्या, दोर, पट्टे यांची १२ महिन्यांतून एकदा तरी सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी, आणि त्याची नोंद. त्यातच एक कलम कोणी वाचत नाही: क्रेनच्या रुळावर किंवा रुळाजवळ माणूस काम करत असेल तर क्रेन त्याच्या ६ मीटरच्या आत येणार नाही असा बंदोबस्त पाहिजे. वर बल्ब बदलायला, पत्रे लावायला माणूस चढतो आणि खालून कोणीतरी क्रेन चालू करतं, ते या कलमात येतं.

गंमत अशी की कलम २९ यंत्र तपासायला सांगतं, माणसाचं तिथे काही नाही. ते कलम ७अ मध्ये सापडेल, १९८७ च्या दुरुस्तीत आलं. माहिती, सूचना, प्रशिक्षण आणि देखरेख ही भोगवटादाराची जबाबदारी. म्हणजे तुमच्या मालकांची, भोसरीकर. सर्टिफिकेट फायलीला लावल्याने ती जबाबदारी ट्रेनरकडे जात नाही, हे त्यांना गोड शब्दांत सांगा.

खुर्चीवरून_सल्ला
'भोगवटादार' हा शब्द ऐकूनच मालक ट्रेनिंगला बसतील.

चिंगीची_आई
मी या क्षेत्रातली नाही. माझे बाबा क्रेन ऑपरेटर होते, ठाण्याला एका स्टीलच्या कारखान्यात. केबिनवाली क्रेन, खाली भट्टी. पेंडंट वगैरे नव्हतं. एकदा चढले की जेवणाच्या सुट्टीपर्यंत वर. कधीकधी सुट्टीतही नाही, कारण रिलिव्हर आलेला नसायचा. मग डबा दोरीने वर घ्यायचे. आई म्हणून पातळ आमटी देत नसे, वर जाईपर्यंत सांडते. लघवीसाठी बाटली. हे त्यांनी आम्हाला रिटायर झाल्यावर सांगितलं, तेही हसत.

उन्हाळ्यात घरी आले की अर्धा तास बोलायचे नाहीत. आम्हाला वाटायचं रागावलेत. ते फक्त थंड होत असायचे.

ट्रेनिंगबद्दल विचारलंत म्हणून: त्यांनी शिकवलेली दोन मुलं अजून दिवाळीला घरी येतात. त्यांच्याकडून ऐकलंय की पहिला महिना बाबांनी त्यांना लीव्हरला हातच लावू दिला नाही. शेजारी बसायचं आणि पुढच्या क्षणी हूक कुठे जाणार ते तोंडाने सांगायचं. चुकलं की टपली.

मेघना_प
@चिंगीची_आई, अर्धा तास गप्प बसणारे बाबा फार जवळून दिसले.

न्हावाशेवाकर
बंदरात आरटीजी चालवतो. ती म्हणजे कंटेनरच्या रांगांवरून रबरी चाकांवर फिरणारी क्रेन. आमच्याकडे आधी सिम्युलेटर, मग जुन्या ऑपरेटरबरोबर बसणं, मग रिकामे कंटेनर, मग भरलेले. पायाखाली काच, दिवसभर मान खाली घालून बघायचं. आमच्यात मानेचा बेल्ट वापरणारे हेल्मेट विसरणाऱ्यांपेक्षा जास्त आहेत.

चिंगीच्या आजोबांची पद्धत शंभर टक्के बरोबर. क्रेन चालवणं म्हणजे बटण दाबणं नाही, लोडचा झोका जिरवणं. लोड झोके घ्यायला लागला की नवीन माणूस घाबरून उलटं बटण दाबतो आणि झोका वाढतो. करायचं असं: झोका जिकडे चालला तिकडेच ट्रॉली (हूक ज्याला टांगलेला असतो तो वरचा गाडा) न्यायची, लोड टोकाला पोचला की ट्रॉली बरोबर त्याच्या डोक्यावर आणून थांबवायची. झोका तिथेच मरतो. वाचून येत नाही हे. भोसरीकर, सोपा खेळ सांगतो. हूकला काठोकाठ भरलेली बादली टांगा, जमिनीवर रिकामे ड्रम ठेवून वाकडीतिकडी गल्ली करा आणि न सांडता पार करायला सांगा. आमच्या बॅचला महिनाभर हेच होतं. ज्याची बादली सांडेल त्याने सगळ्यांना वडापाव.

खुर्चीवरून_सल्ला
या धाग्यात बादल्याच फार. रिकाम्या ड्रमांचं काय करायचं विचारत होता आमचा स्टोअरवाला, त्याला पाठवतो.

मेघना_प
न्हावाशेवाकर, तुमच्याकडे बायका आहेत का क्रेनवर? केरळात विळिंजम बंदरात यार्डातल्या ऑटोमॅटिक क्रेन आसपासच्या गावांतल्या मुली चालवतात असं वाचलं. कंट्रोल रूममधे बसून, स्क्रीनवर बघत.

न्हावाशेवाकर
आमच्या शिफ्टला नाहीत. आल्या तर बरंच, बाटलीचा प्रश्न तरी कोणीतरी मीटिंगमधे काढेल.

सेफ्टीवाली
आता माझा नंबर. सेफ्टी ऑफिसर, अकरा वर्षं, चाकण आणि रांजणगाव. धाग्याचा दुसरा प्रश्न राहूनच जातोय, सवय कशी लावायची.

आधी काय करू नये ते सांगते. एका ठिकाणी गेटवर मोठा बोर्ड होता, 'शेवटच्या अपघातानंतरचे दिवस'. आकडा तीनशेच्या वर गेला की सगळ्या लाइनला मिठाई आणि भेटवस्तू ठरलेली होती. २९० च्या आसपास एका हेल्परचं बोट हूक आणि स्लिंगच्या (उचलायच्या पट्ट्याच्या) मधे चेमटलं. मी ओपीडीच्या वहीत बघितलं तर नोंद नाही. तो दुसऱ्या दिवशी कामावर हजर, हात बांधलेला, ऑफिसात खुर्चीवर बसवून ठेवलेला. सुट्टी पडली असती तर आकडा शून्यावर आला असता ना! आणि त्याला गप्प बसवणारे मॅनेजर नव्हते. त्याच्याच लाइनची पोरं होती. त्यांची मिठाई जाणार होती.

मी तो बोर्ड काढायला सांगितला तर ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनाला, त्याच्याच शेजारी उभं राहून शपथ घ्यायची वेळ आली. ती पण घेतली.

पुढच्या कंपनीत उलटं करून बघितलं. 'थोडक्यात वाचलो' अशी साधी वही ठेवली. नाव लिहायची सक्ती नाही, स्पेलिंगची नाही, कुठल्याही भाषेत. पहिला महिना वही कोरी. दुसऱ्या महिन्यात कोणीतरी लिहिलं, "बे नं. २ च्या क्रेनचा हॉर्न वाजत नाही." मी त्याच दुपारी हॉर्न बसवून घेतला आणि वहीत त्याच्यासमोर लिहिलं, 'बसवला, ३.४०'. तिसऱ्या महिन्यात सव्वीस नोंदी. माझं एवढंच निरीक्षण आहे, वही भरली ती भाषणाने नाही, हॉर्नने.

रोखठोक_बोलणार
हे मात्र पटलं.

खुर्चीवरून_सल्ला
रोखठोक सहमत! स्क्रीनशॉट काढून ठेवा.

हायड्रावर_राग
छोट्या शॉपमध्ये खरा धोका ईओटी नाही, भाड्याने येणारी हायड्रा आहे. लोड पुढे लोंबकळत घेऊन चालणारी क्रेन. बूम (क्रेनचा लांब हात) समोर, ड्रायव्हरला पुढचं धड दिसत नाही, आणि लोड हलू नये म्हणून एक पोरगा त्याला हाताने धरून पुढे पुढे उलट पावली चालतो. तो अडखळला की संपलं. लांब दोरी बांधा आणि बाजूने चाला, एवढंच करायचं असतं. ड्रायव्हरकडे गाडीचं लायसन्स असतं, पण ते रस्त्यावर चालवण्याचं. किती लांबून किती वजन उचलेल हा चार्ट विचारा, दहातले आठ जण काचेवरच्या देवाच्या फोटोकडे बघतात.

पुणेरी_पाटी
समृद्धी महामार्गावर शहापूरजवळ सरलांब्याला ३१ जुलै २०२३ च्या रात्री झालं ते क्रेनचंच ना? वीस माणसं गेली.

दोरखंड
ती गर्डर लाँचर होती, पुलाचे गर्डर खांबांवर चढवणारं यंत्र. जात वेगळी, पण धडे तेच. मक्केला ११ सप्टेंबर २०१५ ला क्रॉलर क्रेन (रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणारी) पडली तेव्हा शंभरावर लोक गेले. वादळी वारा आणि बूम वर उभी. विशाखापट्टणमला जहाजांच्या कारखान्यात १ ऑगस्ट २०२० ला नव्या क्रेनची चाचणी चालू असताना ती कोसळली, अकरा जण गेले. चाचणीच्या वेळी आजूबाजूला कमीत कमी माणसं पाहिजेत, आणि आपल्याकडे चाचणी म्हटली की बघायला गर्दी.

ट्रेनिंगमध्ये एक गोष्ट सगळ्यात आधी शिकवा, भोसरीकर. ऑपरेटरने सिग्नल एकाच माणसाचा मानायचा, ठरलेल्या सिग्नलमनचा. साहेब आला, मालक आला, तरी त्याचं 'हापीस' ऐकायचं नाही. पण 'थांब' कोणीही म्हणू शकतो. झाडूवाला म्हणाला तरी थांबायचं, आधी थांबायचं, मग का ते विचारायचं.

मेघना_प
आणि चहावाला?

दोरखंड
तोही. बटण त्याच्या हातात नको, 'थांब' त्याच्या तोंडात पाहिजे.

भोसरीचा_फिटर
तीन आठवड्यांनी परत आलोय. सगळ्यांचे आभार, प्रिंट काढून नेलं होतं. काय झालं ते सांगतो.

दोरखंड म्हणाले होते तसा पट्टा परत बघितला. सरळ कापलेल्या भागाची निम्मी कड काळी, तेलकट. म्हणजे जुनीच चीर. पोराला शांतपणे विचारलं, आधी दिसली होती का? आधी नाही म्हणाला. मग चहा पाजला तेव्हा म्हणाला, "दिसली होती सर. नवा मागायला गेलो तर स्टोअरवाले काका म्हणतात, जुना जमा कर, सुपरवायझरची सही आण, मग देतो. सुपरवायझर म्हणतात, गाडी लागलीय, आजच्या दिवस चालव." चीर त्याला दहा दिवस माहीत होती.

म्हणजे मी इथे कोनाचं गणित विचारत बसलो होतो आणि दुखणं स्टोअरच्या खिडकीत होतं.

केलं ते असं. पेंडंटला कुलूप, शिफ्टला दोनच चावीवाले. न्हावाशेवाकरांची बादली सुरू केली, आतापर्यंत सात वडापाव झाले, त्यातला एक माझा. चिरलेला पट्टा दिसला की जागेवर कापून दोन तुकडे स्टोअरला द्यायचे, नवा लगेच, सही नंतर. पहिल्या आठवड्यात अकरा पट्टे कापले गेले. मालकांनी बिल बघितलं आणि मला बोलावलं. मी 'भोगवटादार' म्हणालो. बिल पास झालं.

बाहेरचा ट्रेनरही आला एक दिवस. चांगला होता, उगाच नावं ठेवली मी.

आणि परवाची गोष्ट, ही लिहू की नको असं झालं होतं. संध्याकाळी पाचला ट्रक लागलेला, तोच पोरगा क्रेनवर. लोड अर्धा वर घेऊन त्याने थांबवला, परत खाली ठेवला. म्हणाला, वजन पाटीवर लिहिलंय त्यापेक्षा जास्त वाटतंय, मोटरचा आवाज वेगळा येतोय. माझ्या तोंडून आलं, "अरे पाच वाजले!" मीच म्हणालो, धागा काढणारा. मग जीभ चावली आणि ड्रॉइंग मागवलं. पाटी जुन्या ड्रॉइंगची होती, नंतर त्यात जाड प्लेट आली होती. ५.६ टन, आणि क्रेन पाच टनाची.

दहा टनाची क्रेन मोकळी होईपर्यंत ट्रक थांबवला.

सेफ्टीवाली
किती वेळ?

भोसरीचा_फिटर
पन्नास मिनिटं. ड्रायव्हर आमच्या कँटीनला जेवला, वर म्हणाला, रोज असं करत जा.

आरिया_हापीस
पाटी कोणी बदलायची होती?

भोसरीचा_फिटर
मी.